न केलेली सही

मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या वॉर्डात कडक इस्त्रीच्या मुली दिसायला लागतात. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आलेली असते. हातात ट्रे, खिशात चुरगळलेल्या चिठ्ठ्या आणि ओठ सारखे हलत असलेले. त्या काय पुटपुटतात ते मला ऐकू येत नाही, पण दिसतं. काल एक मुलगी कोपऱ्यात उभी राहून पायऱ्या पाठ करत होती. हात धुणे, रुग्णाला समजावून सांगणे, आणि पुढे तिचे ओठ अडले. मी दहा हातांवरून हवेतच पडदा ओढून दाखवला. ती दचकली. मग तिने मान डोलावली आणि पुढच्या पायरीवर गेली, पण जाता-येता माझ्याकडे बघत राहिली.

ह्याच दिवसांत मागच्या खिडकीतून बोंडांचा वास येतो. रुग्णालयाच्या कुंपणापलीकडे काजूची झाडं आहेत. बी काढून घेतलेली बोंडं खाली तशीच पडतात, उन्हात आंबतात, आणि तो गोडसर, डोक्यात जाणारा वास फिनेलच्या वासात मिसळतो. माझ्या परीक्षेचा वास तोच. कुठेही आला तरी माझी हनुवटी आपोआप वर होते. भांडणाला उभं राहिल्यासारखी.

मी मालवणपासून आतल्या गावातली. आमची थोडी भातशेती, आणि डोंगराच्या अंगाला काजूची बाग. सातव्या वर्षी मला मोठा ताप आला. ताप उतरला आणि त्याच्याबरोबर आवाजही उतरले. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी. मग पाठीमागून येणारी आईची हाक. उजवा कान पुरता गेला, डाव्यात थोडं उरलं, आणि त्या उरलेल्याला यंत्र लावून मी शाळा केली. कमी ऐकू येणं म्हणजे उंदरांनी कुरतडलेलं पान वाचण्यासारखं असतं. मधली अक्षरं आपणच भरायची. ओठ बघून भरायची म्हणावं, तर ओठही चकवतात. पाय, बाय आणि माय ही तिन्ही ओठांवर सारखीच दिसतात. "पाय दुखता" असं कोणी म्हटलं की मी आधी त्याचा हात कुठे गेलाय ते बघते.

नर्स का व्हायचं होतं, ह्या प्रश्नाला काहीतरी सुंदर उत्तर असावं अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडे तसं नाही. काजूच्या हंगामात आमच्याकडे बायकांची बोटं जळतात. बी फोडताना टरफलातलं तेल लागतं आणि कातडी सोलून निघते. संध्याकाळी आई आणि काकू पडवीत हात पसरून बसायच्या आणि मी खोबरेल लावून, जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून एकेक बोट बांधायचे. घट्ट नको, सैल नको. ते मला जमायचं आणि ते मला आवडायचं. एवढंच. बारावीनंतर सगळ्यांनी सांगितलं, शिवणाचा क्लास लाव, मशीनवर बसायला कान लागत नाहीत. मला मशीनवर बसायचं नव्हतं.

नर्सिंगला प्रवेश घेताना मी काही लपवलं नव्हतं. तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं की यंत्र लावून ऐकू येतं, कामाला हरकत नाही. हा कागद कॉलेजच्या फायलीत होता. आमच्या प्राचार्या मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला आणि मला एकच सल्ला दिला. "पेशंटना सांगत बसू नकोस. घाबरतात." उंच, सावळ्या, अंगात वीस वर्षांची वॉर्डची शिस्त मुरलेल्या बाई. त्यांचा शब्द आम्हाला पुस्तकासारखा. म्हणून मी तीन वर्षं केस कानांवरून ओढून अंबाडा घातला. यंत्र केसांखाली, आणि मी यंत्राखाली.

तिसऱ्या वर्षाचा तो मार्च फार तापला होता. आमच्याकडे उन्हापेक्षा घाम वाईट. घाम यंत्रात शिरला की आधी खरखर येते आणि मग काहीच येत नाही. माझी खोलीतली सोबतीण नूतन. पिंगुळीची, बडबडी, माझ्याशी बोलताना न सांगता उजेडाकडे तोंड करून उभी राहणारी. ती माझं यंत्र रोज तांदळाच्या डब्यात सुकायला ठेवायची आणि म्हणायची, "आज तुझ्या कानाचो भात केलंय." त्या वर्षी वॉर्डातले मास्कही अजून गेले नव्हते. डॉक्टर, सिस्टर, ट्यूटर, सगळ्यांची तोंडं झाकलेली. एका कापडाने माझी अर्धी भाषा नेली होती. मी भुवया वाचायला शिकले. भुवया फार थोडं सांगतात. रागावलेत की नाही, एवढंच.

एक सवय मात्र मी सोडली नाही. तोंडी सांगितलेला डोस मी कधी घेतला नाही. पंधरा आणि पन्नास माझ्या कानात एकाच घरात राहतात. "सर, लिहून द्या," मी म्हणायचे. डॉक्टर वैतागायचे. पुस्तकात तोच नियम छापलेला होता आणि तो सगळ्यांसाठी होता, पण पाळला मी तर त्याला अडचण म्हणायचे.

त्या महिन्यात आमची पाळी बायकांच्या वॉर्डात होती. अठरा खाटा. सातव्या खाटेवर ताराबाय होत्या, तोंडवलीच्या. साठीच्या पुढच्या, काटक, मासेमारीच्या घरातल्या. खडकावरची कालवं काढताना पाय कापला, साखर वाढलेली, जखम चिघळली. रोजचं ड्रेसिंग मी करायचे. त्या फार बोलायच्या नाहीत, आणि मला ते बरं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी समोरच्या खाटेची चादर बदलत होते. पाठ ताराबायकडे. नूतन औषधं आणायला खाली गेली होती. सिस्टर डॉक्टरांच्या राऊंडमध्ये, दुसऱ्या टोकाला. खाटेजवळची बेल कित्येक महिन्यांपासून बंद होती. ताराबायना बाहेर जायचं होतं. त्यांनी हाक मारली. परत मारली. तिसऱ्यांदा मारली आणि मग आपणच उठल्या. मला पायांखाली थाड असं काहीतरी जाणवलं. फरशी हलल्यासारखं. वळून बघितलं तर त्या खाली होत्या, मनगट अंगाखाली आलेलं, आणि अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. सतरा बायकांची तोंडं उघडी होती. सगळ्या ओरडत होत्या. किती वेळापासून, मला माहीत नाही.

मनगटाचं हाड तडकलं होतं. प्लास्टर लागलं.

ही चूक माझी होती. इथे मी ती पुसणार नाही, कमी करून सांगणार नाही. पण त्याच महिन्यात एका मुलीकडून सलाईन संपलेली बाटली तशीच लटकत राहिली होती, दुसरीने दोन पेशंटचे रिपोर्ट अदलाबदल केले होते. त्यांना बोलणी बसली आणि विषय मिटला. दोघींचे कान उत्तम होते. दुसऱ्यांच्या हातून चूक होते. माझ्या बाबतीत मीच चूक ठरले. बंद बेलबद्दल कुठल्याही कागदावर एक ओळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावून घेतलं. बाबा ऐन हंगामात बाग सोडून आले. धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी, पिशवीत मॅडमना द्यायला ओले काजूगर. ऑफिसात बसले की बाबांची भाषा बदलते. पाठ ताठ होते आणि प्रत्येक वाक्याला "आहे" लागतं.

मॅडम त्यांच्याशी बोलू लागल्या. त्यांच्याशीच. मास्क हनुवटीवर होता, पण तोंड बाबांकडे होतं, आणि मी त्यांच्या उजव्या हाताला बसले होते. मला फक्त गाल हलताना दिसत होता. माझ्या आयुष्याचं काहीतरी ठरत होतं आणि मला त्यातला गाल दिसत होता. मी उठले, खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून बाबांच्या शेजारी नेली आणि मॅडमच्या समोर बसले. खुर्चीचा आवाज झाला असणार, कारण दोघेही थांबले.

"पुढे बोला, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. माझ्या नावाचा अर्ज. वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने प्रशिक्षण सोडत आहे. खाली माझ्या सहीची जागा आणि त्याखाली पालकांची.

"हे तिच्या भल्यासाठी आहे," मॅडम बाबांना म्हणाल्या. "परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. त्यात नापास होण्यापेक्षा हे बरं. तिला दुसरं काहीतरी करता येईल."

बाबांनी खिशातून पेन काढलं. ऑफिसातल्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर सही करायची असते, असं मानणारा माझा बाप. सातबारा असो, कर्जाचा फॉर्म असो, शाळेचा दाखला असो. पेन उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ऑफिसची भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली.

"सही कर म्हणतत, बाय. काय करूया?"

"माका नाय करूची."

"रेश्मा," मॅडम म्हणाल्या, आणि आता त्या माझ्याकडे बघत होत्या. "उद्या तुझ्यामुळे कोणाचा जीव गेला तर?"

हा प्रश्न खरा होता. तो विचारायचा त्यांना हक्क होता, आणि तो आजही माझ्या खिशात असतो. पण तेव्हा माझे कान तापले होते, दोन्ही, मेलेला आणि जिवंत.

"तर मी जबाबदार, मॅडम. वर्गातल्या बाकीच्या मुली जशा जबाबदार आहेत तशी. त्यांच्याकडून असे अर्ज घेतलेत का?"

मी कागदावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"आणि स्वेच्छेने लिहिलंय. ही इच्छा माझी नाही. कोणाची आहे त्यांनी सही करावी."

असं बोलेन असं मला स्वतःला वाटलं नव्हतं. माझा आवाज किती मोठा झाला हे मला कळत नाही, ते समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं. मॅडमच्या चेहऱ्यावरून तो बराच मोठा झाला असावा.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. सावकाश, टिक होईपर्यंत. "मॅडम, सही तिची आसा," ते म्हणाले. "ती नाय म्हणता."

मॅडमनी कागद फायलीत ठेवला. फाडला नाही. "परीक्षेपर्यंत एक जरी तक्रार आली," त्या म्हणाल्या, "तर मी सहीसाठी थांबणार नाही."

स्टँडवर मालवणची एसटी लागली होती. बाबा चढायला गेले आणि परत खाली उतरले. पिशवी त्यांच्या हातातच होती. ती माझ्याकडे देऊन म्हणाले, "ह्ये तुझ्या मैतरणींका दी." एवढंच बोलले. गाडी गेली तरी मी पिशवी धरून उभी होते. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं नाही, कारण घामाने आधीच यंत्र खरखरत होतं. त्यात रडण्याची भर परवडणारी नव्हती.

संध्याकाळी मी ताराबायकडे गेले. दिवसभर टाळत होते. प्लास्टरमधला हात पोटावर, आणि तोंड भिंतीकडे. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"इलंस? काल खंय गेल्लंस?"

"खंय नाय. हयसरच होतंय. तुमच्याकडे पाठ होती."

"तीनदा साद घातलंय. शिरा पडली तुझ्या कामार. बहिरी आसंस काय गो?"

आमच्याकडे हे कोणीही कोणालाही म्हणतं. ती शिवीही नसते, बोलायची पद्धत असते. पण तीन वर्षं केस कानांवर ओढून ज्या शब्दापासून मी पळत होते तो तिथे, सातव्या खाटेजवळ, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी अंबाडा सोडला, केस मागे केले आणि कान त्यांच्यापुढे केला.

"होय. बहिरी आसंय."

ताराबायनी यंत्र बघितलं. त्या चिडतील, रडतील, सिस्टरना बोलावतील, मी सगळ्याला तयार होते. त्या चिडल्याच, पण वेगळ्या कारणाने.

"मगे ता आदी सांगूक नको? माका कळला आसता तर मी साद कित्याक घातली आसती? कायतरी फेकून मारला आसता!" त्यांनी चांगल्या हाताने उशीजवळचा पेला उचलून दाखवला. "होडयेर इंजिन सुरू झाला काय कोणाचा कोणाक ऐकाक येता? माझो घोव आख्खो जल्म हातानच बोललो. हात वर केलो काय समाजता, जाळा ओढूचा. तू येऊन सांगलंस नाय, म्हणान मी पडलंय."

मी पलंगाच्या कडेला बसले. पेशंटच्या पलंगावर बसायचं नसतं, पण बसले. ऐकू न येणं हा माझा दोष नव्हता. न सांगणं हा होता. ज्या गोष्टीला पेशंट घाबरतील म्हणून ती लपवली, ती लपवल्यामुळेच एका पेशंटचं हाड मोडलं होतं. सल्ला मॅडमचा होता खरा. पण केस मी ओढले होते, माझ्या हातांनी, रोज सकाळी आरशासमोर. कारण मलाही ते हवं होतं.

"चुकलंय," मी म्हटलं.

"चुकलंसच," ताराबाय म्हणाल्या. त्यांनी मला माफबीफ काही केलं नाही. "आता पाणी दी."

दुसऱ्या दिवशी मी केस मागे बांधून वॉर्डात गेले आणि अठराही खाटांपुढे उभी राहून सांगितलं, "मी रेश्मा. माका ऐकाक कमी येता. माझ्या पाठीमागसून साद घालू नकात. हात वर करा, नायतर टॉवेल हलवा. दर दहा मिनटांनी मी फिरतलंय." सिस्टर औषधांच्या ट्रॉलीमागून बघत होत्या. एक-दोन बायका हसल्या. एकीने कपाळाला हात लावला. पण अर्ध्या तासात कोपऱ्यातून पहिला टॉवेल हलला, हिरव्या काठाचा, आणि मी पोचायच्या आत ताराबायनी त्या बाईला दटावलं, "जोरान हलव गो, मरगळल्यासारखी कसली हलवतंस!"

त्या पुढल्या आठवड्यांत वॉर्डाची तऱ्हाच बदलली. कोणी पंचा हलवी, कोणी वर्तमानपत्र, कोणी पदर. नूतनलाही बायका हाक मारायच्या सोडून टॉवेल दाखवायला लागल्या. ती म्हणाली, "माका ऐकाक येता!" तर त्या म्हणाल्या, "आसांदे, ह्या बरा पडता." एकदा मॅडम राऊंडला आल्या तेव्हा चार टॉवेल एकदम वर होते. त्या दारातच थांबल्या. मास्कमुळे चेहरा दिसला नाही. भुवया मात्र रागावलेल्या नव्हत्या.

तक्रार आली नाही.

राहिला होता रक्तदाब. स्टेथोस्कोप कानात घालायचा तर यंत्र काढावं लागे, आणि यंत्र काढलं की नळी मुकी. तीन वर्षं मी हा भाग नाडी चाचपून, पट्ट्यावरचा काटा बघून, अर्धामुर्धा निभावला होता. वरचा आकडा मिळायचा, खालचा नाही. परीक्षेत दोन्ही लागणार. आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप मिळतो हे नूतनने मोबाइलवर शोधून काढलं. त्याला हेडफोन जोडता येतो, यंत्रावरून लावायचा. तो कुरिअरने गावी आला तेव्हा मी एका रविवारी घरी गेले होते. बाबा बागेत बिया गोळा करत होते. मी त्यांना काजूखाली बसवलं, सदऱ्याची बटणं सोडायला लावली आणि चकती त्यांच्या छातीवर टेकवली.

विहिरीत कळशी बुडावी तसा आवाज. पुन्हा. पुन्हा. खोल, ठाम, न चुकणारा. मला पाखरं ऐकू येत नाहीत, पण असे खालचे आवाज माझ्यात थोडे शिल्लक आहेत, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. मी किती वेळ तशीच बसले कोण जाणे. बाबांनी खांद्याला हात लावला.

"काय म्हणता?"

"चालू आसा."

"मगे बरा," म्हणाले आणि बटणं लावून परत बिया वेचायला गेले.

त्या आठवड्यात वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीचा, स्वयंपाकीणबाईंचा, वॉचमनकाकांचा, भाजीवाल्याचा रक्तदाब मी घेतला. नूतनचा तर इतक्यांदा की तिच्या दंडावर वळ उठला.

परीक्षेच्या परीक्षक बाई बाहेरच्या जिल्ह्यातून आल्या होत्या. गोऱ्या, गोल, चेहऱ्यावर डबल मास्क. मला मिळालेल्या पेशंट पन्नाशीच्या, उच्च रक्तदाबाच्या. मी हात धुतले, त्यांच्यासमोर उभी राहून नाव सांगितलं, ऐकू कमी येतं तेही सांगितलं, पडदा लावला. परीक्षक बाईंनी माझ्या गळ्यातला हेडफोन बोटाने दाखवला आणि मॅडमकडे बघितलं. मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलल्या. काय ते मला आजपर्यंत माहीत नाही.

मी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. आकडा सांगितला. परीक्षक बाईंनी स्वतःच्या स्टेथोस्कोपने परत घेतला. त्यांचा वरचा आकडा एकशे अडतीस आला, माझा एकशे छत्तीस. खालचा दोघींचाही अठ्ठ्याऐंशी. त्यांनी परत एकदा घेतला. मग लिहून घेतलं.

आणि मग प्रश्न सुरू झाले. मास्कच्या आतून. मला दोन भुवया वर-खाली होताना दिसत होत्या, बाकी काही नाही. घाम मानेवरून यंत्राकडे निघाला होता. घाबरून काहीतरी अंदाजाने उत्तर द्यायचं, ही माझी शाळेपासूनची सवय. अंदाज बरोबर आला तर सुटका, चुकला तर ढ. मी अंदाज केला नाही.

"मॅडम, मास्कमुळे मला तुमचे ओठ दिसत नाहीत. प्रश्न लिहून दिलेत तर मी तोंडी उत्तर देईन."

परीक्षक बाईंच्या भुवया एकमेकींना भेटल्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं, बाहेर उभ्या असलेल्या मुलींच्या रांगेकडे हात केला. अर्थ कळायला कान लागत नव्हते. मी जागची हलले नाही. प्रश्न कळल्याशिवाय मी उत्तर देणार नव्हते, आणि उत्तर दिल्याशिवाय तिथून जाणारही नव्हते.

तेव्हा कोपऱ्यातून मॅडम पुढे आल्या. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला, पेन उघडलं आणि परीक्षक बाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. बाई बोलायच्या, मॅडम लिहायच्या, मी वाचायचे आणि उत्तर द्यायचे. नऊ प्रश्न झाले. मॅडमचं अक्षर मोठं, सुटं, एकही मात्रा न विसरणारं. सातव्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. "माहीत नाही," मी म्हटलं, आणि ते म्हणताना फार हलकं वाटलं. ते न ऐकल्यामुळे आलेलं माहीत नाही नव्हतं. साधं, सगळ्या मुलींना येतं तसं होतं.

मी पास झाले. पहिली वगैरे आले नाही, बऱ्यापैकी गुणांनी पास झाले. निकालाच्या दिवशी मॅडम व्हरांड्यात भेटल्या. मास्क काढून, माझ्याकडे नीट तोंड करून म्हणाल्या, "मला अजून भीती वाटते, रेश्मा."

"मलाही वाटते, मॅडम."

त्यांनी मान हलवली. मग त्या त्यांच्या वर्गाकडे गेल्या. तो अर्ज अजून त्या फायलीत असेल. असू दे. त्याच्यावर सहीची जागा कोरी आहे.

हे सगळं आठवून सांगितलं की लोक हमखास म्हणतात, देवाने कान नेले पण डोळे कसे तीक्ष्ण दिले बघ. मला हे वाक्य आवडत नाही. देवाने मला बदल्यात काही दिलेलं नाही. माझे डोळे इतरांसारखेच आहेत, मी ते जास्त वापरते आणि संध्याकाळी ते दुखतात. मी फोन घेत नाही, तो माझ्या सोबतच्या सिस्टर घेतात, आणि त्यांना नको असलेली ड्रेसिंग्ज मी करते. मॉनिटरची शिटी मला ऐकू येत नाही, म्हणून मी मॉनिटरकडे बघते. जिथे मला जमत नाही तिथे मी सांगते. एवढ्याने काम होतं. ह्यात चमत्कार कुठेच नाही आणि दयेला जागाही नाही. गेल्या वर्षी नवं यंत्र घेतलं, दुकानदाराने कातडीच्या रंगाचं पुढे केलं, "कोणाला दिसणार नाही." मी लाल घेतलं.

आज सकाळी एक बाई तापाने दाखल झाल्या. बरोबर मुलगा, पस्तिशीचा, घाईतला. तो मोबाइलमध्ये मान घालून आईची हकिकत सांगत होता. मी म्हटलं, परत सांगा. त्याने मान न उचलता परत सांगितलं. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा त्याने वर बघितलं, आणि त्याची नजर माझ्या कानावर गेली. मग तो माझ्या मागे उभ्या असलेल्या, परीक्षेला आलेल्या मुलींकडे वळला.

"दुसरी शिस्टर नाय काय? ऐकाक येता अशी?"

मुली थिजल्या. एकीने ट्रे छातीशी धरला. मी त्याच्या आणि खाटेच्या मधे जाऊन उभी राहिले.

"आसा," मी म्हटलं. "दोन वाजता येतली. तवसर तुमच्या आवशीक मीच बघतलंय. वायच सरा."

तो सरला. मी त्या बाईंच्या काखेत थर्मामीटर ठेवला, मनगट हातात घेतलं, घड्याळ बघून नाडी मोजली. थर्मामीटर काढून आकडा वाचला. मान वर केली तर तो मोबाइल खिशात टाकून माझ्या समोर येऊन उभा होता. माझ्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करत त्याने विचारलं, "किती आसा?"

"एकशे दोन," मी म्हटलं. "आता कधीपासून आसा, ता सांगा."